सासू गुंतवण्याचं काम

मी भिंतीला टेकून, सतरंजीवर पाय पसरून बसले होते. डोक्यावरून पदर, कपाळाला आठी, आणि डाव्या तळहातावरची नसलेली मिश्री उजव्या बोटाने दातांना लावणं चाललं होतं. थोडक्यात, मी सासू होते.

"कोन रं तू? आन त्यो कागुद कसला?" मी खेकसले.

समोर भीमाशंकर क्षीरसागर उकिडवा बसला होता. हातात पॅडला लावलेली प्रश्नावली. संस्थेतल्या नव्या तुकडीची बाकीची मुलंमुली हसू दाबत भिंतीकडेला उभी होती. माझ्यासारख्या खाष्ट बाईला बोलतं करून पहिलं पान भरायचं, एवढीच परीक्षा. बाकीच्यांनी घाबरत का होईना, पान भरलं होतं.

भीमाशंकरने पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे. आणि पॅड मांडीवर उलटं ठेवून म्हणाला, "आक्का, गुडघं दुखत्यात का हो? पाय लांब सोडून बसलाव म्हणून इचारलो."

"दुखतात रे बाबा," मी म्हणाले. "त्यातही उजवा फार. जिना उतरताना तर नुसती कळ—"

खोलीत हशा उसळला तेव्हा मला कळलं, की सासू कधीच उठून गेली होती आणि तिच्या जागी कुंदा साळवी बसली होती. गुडघा खरा होता. साबण कुठला वापरता, चहा कुठला पिता, असल्या सर्वेक्षणांसाठी मी तरुणपणी गावोगावचे इतके जिने चढले होते की त्याचा हिशेब गुडघ्यांनीच ठेवला होता. चढत चढत, विचारत विचारत मी शिकले, आणि शेवटी मिरजेच्या ह्या संस्थेत, नव्या संशोधकांना लोकांच्या दारात उभं राहायला शिकवणारी बाई म्हणून येऊन पोचले. माझ्याकडे पदवी नव्हती, गुडघे होते.

हशा थांबला, कारण दारात मेहेंदळे मॅडम उभ्या होत्या.

डॉ. ललिता मेहेंदळे आमच्या संचालक. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणंही तसंच.

"क्षीरसागर, प्रश्न क्रमांक एक काय आहे?"

"कुटुंबात एकूण किती व्यक्ती राहतात, मॅडम."

"विचारलात?"

"त्याच्यावरच येत होतो, मॅडम. गुडघ्यावरून काम कोण करतंय ते आलं असतं, कामावरून सुना किती ते—"

"आणि पुढच्या घरी? तिथे म्हशीवरून सुरू कराल. मग दोन्ही घरांची उत्तरं मी शेजारी शेजारी कशी ठेवायची? दर गिऱ्हाइकाला वेगळ्या मापाने तेल घालणाऱ्या दुकानदाराला काय म्हणतात?"

भीमाशंकरने पॅड सुलटं केलं.

"छापलेला प्रश्न, छापलेल्या शब्दांत, छापलेल्या क्रमाने," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, पण आवाज त्याला ऐकू जाईल एवढाच ठेवला. "कुंदाताई, मुरारवाडीच्या दौऱ्याहून येताना ह्यांच्या हातात पूर्ण भरलेल्या मुलाखती पाहिजेत. नसल्या, तर ह्यांची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलीला जाईल. ती रोज फोन करते."

मॅडमचं चूक नव्हतं. तेच तर वाईट होतं.

भीमाशंकर अक्कलकोटकडचा. वडलांचं गावात केशकर्तनाचं दुकान. लहानपणापासून हा तिथे बसलेला, आणि खुर्चीत मान वाकवून बसलेला माणूस काय काय बोलून जातो ते ऐकत वाढलेला. "मी दुकानात उभा राहणार नाही, मी लोकांचा अभ्यास करणार," असं सांगून तो निघाला, तेव्हा वडील म्हणाले होते, "जा की. केस काय वाढायचं थांबत न्हाईत. परत आलास तर खुर्ची हायच." ही गोष्ट त्याने मला हसत हसत सांगितली होती. पण ती खुर्ची त्याच्या पाठीशी सतत उभी असायची, हे मला दिसत होतं.

मुरारवाडी जतच्या अंगाला. उघडा माळ, डाळिंबाच्या बागा, आणि मधोमध एक उपकेंद्र. तिथे दोन वर्षांपूर्वी सरकारने नवीकोरी बाळंतखोली बांधली होती. भिंतींना फरशी, लोखंडी खाट, नर्सबाई कायम मुक्कामाला. आणि त्या खोलीत आजवर एकच बाळंतपण झालं होतं. बाकी सगळी घरी, नाहीतर जीपमध्ये हेलकावे खात तालुक्याच्या वाटेवर. वरून विचारणा आली होती, की बायका का येत नाहीत ते शोधा. कारण सापडलं नाही तर सामान उचलून दुसऱ्या गावाला देऊ. ते शोधायचं काम आमच्याकडे आलं, आणि मॅडमनी त्यातच नव्या तुकडीचं प्रशिक्षण बसवलं. अभ्यासाला अभ्यास, सरावाला सराव.

हायस्कूलच्या वर्गखोल्यांत आमचा मुक्काम पडला. पहिल्याच दुपारी मिरजेची नीलोफर मणेर, तुकडीतली सगळ्यात हुशार मुलगी, पाय आपटत परत आली.

"ताई, मी विचारते सुनेला आणि उत्तर देते सासू. सून नुसती मान हलवते. तीसुद्धा सासू हलवेल त्या बाजूला!"

"आणि क्षीरसागर कुठाय?"

"त्याला दारातच अडवलं. बाईमाणसाचं इचारायला बाप्या कशाला आलाय, म्हणून."

भीमाशंकर शाळेच्या पायरीवर बसला होता. कोरं पॅड बाजूला. "ताई," तो म्हणाला, "वडलांना फोन करून खुर्ची पुसून ठेवा म्हणू का?"

"गप बस," मी म्हटलं. "माझ्याकडे एक हत्यार आहे."

ते हत्यार मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. साबणाच्या काळात दारोदार फिरतानाच घडवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान होता. त्याचं नाव सासू गुंतवणं. दोघांनी मिळून घरी जायचं. एकाने सुनेला पाणी मागायच्या निमित्ताने आत न्यायचं आणि तिथे खरी मुलाखत उरकायची. दुसऱ्याने तेवढा वेळ बाहेर सोप्यात सासूला धरून ठेवायचं. पॅडवर कोरा कागद लावायचा, चेहरा गंभीर करायचा आणि विचारायचं, की तुमच्या लग्नात पंगतीला काय होतं? हल्लीच्या सुनांना भाकरी येते का? सासू रंगते. कागदावर रेघोट्या ओढत राहायच्या. ह्या गप्पांचं पुढे काही होत नाही; ते पान शेवटी चहाचा डाग पुसायला.

"पण रेघोट्या ओढणाऱ्याची मुलाखत मोजत नाहीत ना, ताई?" नीलोफरने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. आणि आम्ही दोघींनीही भीमाशंकरकडे बघितलं. कारण सासू गुंतवू शकेल असा माणूस आमच्यात एकच होता.

"चालतंय की," भीमाशंकर उठत म्हणाला. "नाहीतरी सुना मला घरात घेत न्हाईत. सासवा तरी घेत्यात का बघू."

सासवांनी त्याला नुसतं घेतलं नाही, पळवला. दुसऱ्या दिवसापासून गावात "त्यो सोलापुरी पोरगा आला का?" अशी चौकशी सुरू झाली. एकीने त्याच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला. एकीने आपल्या नवऱ्याची अर्धी भादरलेली हजामत त्याच्या हातून पुरी करून घेतली, आणि तो म्हातारा आरशात बघून म्हणाला, "आरं, हिकडंच ऱ्हा की!" मॅडमचा नियम होता, की उत्तर देणाऱ्याकडून पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. भीमाशंकर शेंगदाण्याची मूठ समोर आली की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "आमच्या मॅडम गावंल तिथं बडवतील हो." आणि सासवा त्या न पाहिलेल्या मॅडमला मनसोक्त शिव्या घालायच्या.

इकडे नीलोफरचं आणि इतर मुलींचं पॅड भरत चाललं. आत सुना मोकळ्या बोलत होत्या. केंद्रात का जात नाही, ह्या प्रश्नाखाली छापलेले पर्याय होते: लांब पडते, खर्च होतो, नर्स नसते, घरच्यांचा विरोध. जवळजवळ प्रत्येक सुनेच्या कागदावर शेवटच्या पर्यायावर बरोबरची खूण पडत होती. आत्याबाई नको म्हणतात. सासू म्हणेल तसं. मी रोजच्या फोनवर मॅडमना सांगितलं.

"सासवांचा विरोध," मॅडम म्हणाल्या. "स्वच्छ निष्कर्ष आहे. सासवांसाठी प्रबोधनाची शिफारस करू. आणि क्षीरसागरांच्या मुलाखती?"

"चालू आहेत," मी म्हणाले, आणि विषय बदलला.

नीलोफरलाही ते सलत होतं. शाळेच्या नळाशी चहाचे पेले विसळताना तिने त्याला म्हटलं, "माझ्या थोड्या मुलाखती तुझ्या नावावर लिही ना. सासू तू धरलीस म्हणून तर त्या झाल्या."

"ए बाई," भीमाशंकर म्हणाला, "मुलाखती येत न्हाईत म्हणून मला काढलं तर ते खरं तरी हाय. खोट्या लिहिल्या म्हणून काढलं, तर बापाच्या खुर्चीत तरी कुठल्या तोंडानं बसू?" मग पेला झटकत माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, एक इचारू? ह्या आक्का इरोध करणाऱ्या वाटत न्हाईत मला. सुनंचं नाव निघालं की डोळ्यात पाणी येतंय ह्यांच्या. इरोध करणारं माणूस असं नसतंय."

"सासवा फार नाटकी असतात," मी म्हणाले. मी सासू होऊन दाखवत असल्याने माझा त्या विषयातला अधिकार मोठा होता.

निघायच्या आदल्या सकाळी शेवटचं घर राहिलं होतं शेवंताक्का पांढऱ्यांचं. गावातली सगळ्यात दांडगी सासू म्हणून सगळ्यांनी ते मागे टाकलं होतं. उंच, काळीसावळी, हिरवं लुगडं. दारात उभी राहिली की दार दिसेनासं व्हायचं. धाकटी सून सारिका पोटुशी, दुसऱ्या वेळेची, पाचवा महिना.

मी आणि नीलोफर सारिकाबरोबर आत चुलीपाशी गेलो. भीमाशंकर बाहेर सोप्यात शेवंताक्कासमोर बसला. त्याचा आवाज ऐकू आला, "आक्का, जातं कुणी दिलं हो हे? लई झिजलंय." आणि शेवंताक्का सुरू झाल्या. नीलोफरने माझ्याकडे बघून डोळा मारला. सासू गुंतली.

"सारिका," नीलोफर हळू आवाजात म्हणाली, "आता कुणी ऐकत नाही. खरं सांग. बाळंतपणाला केंद्रात का नाही जाणार?"

सारिकाने लाकूड आत सारलं. "मला काय म्हायती?"

"म्हणजे?"

"आत्याबाई न्हाई म्हनत्यात."

"का नाही म्हणतात?"

"ते म्या कशाला इचारू?" तिला आमचाच अचंबा वाटला. "त्यांचं त्यांना म्हायती. त्यांनाच इचारा की. त्या काय चावत्यात का?"

नीलोफरची पेन्सिल 'घरच्यांचा विरोध' वर येऊन थांबली आणि तिथेच राहिली. आम्ही इतके दिवस भिंतीआड, चोरून, कुजबुजत ज्यांना विचारत होतो त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं, त्यांना मी मोठ्या हुशारीने रेघोट्यांसमोर बसवून ठेवलं होतं.

बाहेर शेवंताक्कांचा आवाज एकाएकी खाली आला होता. आम्ही तिघी दाराशी गेलो.

"थोरलीचं दुसरं बाळतपन हुतं त्ये," शेवंताक्का सांगत होत्या. "पैलं म्हायेरात झालं. दुसऱ्याला तिची आई मला म्हनली, ताई, माजी लेक तुमच्या वटीत घाल्ते. मी म्हनलं, जीव लावून सांबाळीन. नवी खोली झाल्याली, म्हनलं, हितंच जाऊ, चांगलं फरशीचं हाय. घेऊन गेलो. नर्सबाईनं पोरीला आत घेतली आन मला म्हनली, आक्का, तुमी भायेर. वरचा हुकूम हाय, आत गर्दी न्हाई करायची. दार लावलं."

भीमाशंकर पुढे सरकून बसला होता. पेन बाजूला ठेवलेलं होतं.

"लिंबाखाली हुबी ऱ्हायले. दीसभर. बसाया दगूड न्हाई तितं. आतनं पोरगी आत्याबाई, आत्याबाई करती, मी भायेरनं वरडती, हाय गं, हितंच हाय. तिला काय ऐकू जातंय? बाळतीन हुती ती. बाळतिनीला एकटी टाकत्यात का कुनी? आरं, म्हस याया झाली तर मानूस गोठ्यात जाऊन बसतंय तिच्यापाशी. सून काय म्हशीपरास हलकी?"

"मग?"

"मग झालं की ब्येस. लेकरू ग्वाड, आय ग्वाड. पर ऐन थंडीत तिला आंगावर गार पान्याचा बोळा. हितं घरात मी बंब पेटवून, वेखंड-वावा घालून समदी तयारी ठेवल्याली. शेगडी न्हेली तर म्हनत्यात, जाळ न्हाई चालत आत." शेवंताक्कांनी पदराने नाक पुसलं. "नर्सबाई वाईट न्हाई. तिला हुकूम हुता. पर माज्या इहिनीनं मला इचारलं, ताई, तुमी कुटं हुता तवा? काय सांगू? लिंबाखाली हुते म्हनू? समद्या गावानं बगितलं मला तितं हुबी ऱ्हायल्याली. त्या दिसापून कोनबी आपली सून तितं न्हेत न्हाई. आन आता ही." त्यांनी दाराकडे, सारिकाकडे बघितलं. "हिला मी सोडायची न्हाई."

सारिका खांबाला धरून उभी होती. "मी तवा पैल्या बाळतपनाला म्हायेरात हुते. मला कंदी सांगितलं न्हाईसा," ती म्हणाली.

"तुला भ्या वाटंल म्हनून न्हाई सांगितलं, येडे."

मी ग्रामपंचायतीतून मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"एका बाईने सांगितलं, ती गोष्ट झाली, कुंदाताई," मॅडम म्हणाल्या. "निष्कर्ष नाही झाला."

"हो."

"गावातल्या इतर सासवा वेगवेगळ्या घरांत, एकमेकींना न विचारता, हेच सांगतात का, ते बघायला हवं." मग थांबून, "आपल्या कागदावर 'विरोध' असा पर्याय मीच छापला. त्याच्या पुढे 'कशाला' हे विचारायला जागाच ठेवली नाही. मी उद्या सकाळच्या गाडीने येते. कुणी परत जायचं नाही."

मॅडम आल्या त्या थेट शाळेच्या बाकावर येऊन बसल्या आणि भीमाशंकरला समोर बसवलं. "मला एक प्रश्न पाहिजे. सासवांना विचारायचा. एकच. तुम्ही तयार करा."

त्याने घाम पुसत लिहिलं आणि वाचलं, "सुनेला एकटी टाकावी लागते म्हणून तुम्ही तिला केंद्रात नेत नाही का?"

"हा प्रश्न नाही, क्षीरसागर. हे उत्तर आहे, शेवटी 'का' चिकटवलेलं. तुम्ही असं विचारलंत की समोरची बाई तुमच्यावरच्या मायेपोटी हो म्हणेल. तुमच्यावर माया फार दिसते इथे."

त्याने खोडलं. पुन्हा लिहिलं. मॅडमनी पुन्हा खोडलं. असं बराच वेळ चाललं. मी बघत होते. ज्या पोराला छापील प्रश्न गळ्यातल्या लोढण्यासारखा वाटायचा, तो आता एकेका शब्दासाठी मॅडमशी वाद घालत होता. "'एकटी' शब्द नको, मॅडम, त्यानं उत्तर कळतंय." "बरोबर. काढा." "'भीती'बी नको." "नको." शेवटी कागदावर एक साधं वाक्य उरलं, ज्यात ना भीती होती ना विरोध:

सून बाळंतपणासाठी केंद्रात असेल, तर तेवढा वेळ तुम्ही कुठे असाल?

"ताई," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आता ह्यातला एक शब्द जरी मी इकडचा तिकडं केला तर सगळं वाया जाईल ना?"

"जाईल."

"मग आता कळलं मॅडम काय म्हणत होत्या ते."

आम्ही मोजक्या नाही, सगळ्या घरांत गेलो. मॅडम प्रत्येक ठिकाणी मागे, दाराशी उभ्या. भीमाशंकर नमस्कार करायचा, गुडघ्यांची चौकशी करायची मोठ्या कष्टाने गिळायचा, पॅड सरळ धरायचा आणि तेच वाक्य, त्याच शब्दांत, तशाच आवाजात वाचायचा. त्याच्या लाडक्या सासवा गोंधळायच्या. "आरं, असा का पोष्टमनावानी बोलतूस?" एकीने विचारलंही. तो हसला नाही. पुन्हा तेच वाक्य वाचलं.

पहिल्या घरी ती बाई म्हणाली, "कुटं असनार? भायेर. लिंबाखाली."

दुसऱ्या घरी: "आत कोन घेतंय आमास्नी? त्या लिंबाखाली."

तिसरी नुसती म्हणाली, "लिंब हाय की तितं."

ज्यांच्या सुना केंद्राची पायरीही चढल्या नव्हत्या, त्यासुद्धा. घर बदलत होतं, आळी बदलत होती, जात बदलत होती, लिंब तेवढा तोच होता. चौथ्या की पाचव्या घराबाहेर मी मागे वळून मॅडमकडे बघितलं. त्यांची इस्त्री तशीच होती, पण त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

अखेर गावाच्या टोकाला, जिथे तो लिंब होता तिथेच आम्ही जाऊन उभे राहिलो. खरंच, बसायला दगड नव्हता.

"मी शिफारस ठरवूनही टाकली होती फोनवर," मॅडम मला म्हणाल्या. "सासवांचं प्रबोधन."

"आठवतंय."

"क्षीरसागर." तो पुढे आला. "किती मुलाखती झाल्या तुमच्या?"

"ह्याच, मॅडम. एका प्रश्नाच्या."

"पूर्ण आहेत का?"

त्याने कागद चाळले. "एकबी जागा कोरी न्हाई, मॅडम."

"कुंदाताई," मॅडम चष्मा लावत म्हणाल्या, "प्रतीक्षा यादीतल्या मुलीला कळवा. म्हणावं, पुढच्या वर्षी जरूर या. ह्या वर्षी जागा नाही."

नीलोफरने मॅडम शेजारी आहेत हे विसरून अशी किंकाळी मारली की लिंबावरचे कावळे उडाले. भीमाशंकर मटकन खाली, त्या दगड नसलेल्या जागेवरच बसला.

पुढचं सरकारी होतं, म्हणजे हळू. आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले, "एवढंच कारण? पाणी तापवायला चूल आणि बसायला जागा?" मॅडमनी भीमाशंकरकडे बोट केलं आणि त्याने प्रत्येक घराचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. लिंब, लिंब, लिंब. निम्म्यातच साहेबांनी हात वर केला. एका बाईमाणसाला बाळंतिणीपाशी बसू द्यावं, असा हुकूम निघाला. बाकीचं गावाने केलं. मागच्या पडवीला पत्रा टाकला, चूल घातली, शेवंताक्कांनी आपला तांब्याचा बंब दिला. नर्सबाई म्हणे सगळ्यात जास्त खूष झाल्या. बाळंतीण धरायला त्यांनाही माणूस हवंच होतं.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मुरारवाडीच्या त्या खोलीत जन्मलेली पोरं आता कॉलेजला आहेत. नव्या मुलांना शिकवताना सासू गुंतवण्याची युक्ती मी अजून सांगते. फक्त एक बदल केलाय: सासूसमोर जो बसेल, त्याचा कागद कोरा नसतो.

पण मला आठवतो तो दिवस वेगळाच. उन्हाळा सुरू व्हायच्या बेताला दुपारी संस्थेच्या दारात रिक्षा थांबली आणि तीतून हिरवं लुगडं उतरलं. शेवंताक्का मिरजेला गुडघे दाखवायला आल्या होत्या, आणि दवाखान्याच्या आधी इकडे. हातात स्टीलचा डबा.

"कुटं हाय माजा सोलापुरी?" त्यांनी दारातूनच हाक मारली. "सारिकाला मुलगी झाली रं! मी हुते आत! डोस्क्यापाशी बसले हुते, हात धरून!"

भीमाशंकर जिन्यावरून धडाधडा उतरला. मागून सगळी तुकडी. आवाज ऐकून मॅडम केबिनबाहेर आल्या.

शेवंताक्कांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्याच का त्या बडवनाऱ्या?"

भीमाशंकरचे कान लाल झाले. डब्याचं झाकण उघडलं. डिंकाचे लाडू. सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. पाण्याखेरीज काही नाही, हा नियम भिंतीवर लावलेला होता.

मॅडम डब्याकडे बघत राहिल्या. "मुलाखत संपली ना, क्षीरसागर?"

"कवाच, मॅडम."

"मग ह्या आता पाहुण्या आहेत," मॅडम म्हणाल्या, आणि एक लाडू उचलला. त्यावर मुलांनी डब्यावर जी झेप घेतली, ती बघता संशोधनात भूक फार लागते हे सिद्ध झालं.

शेवंताक्का टेकत टेकत बाकावर बसल्या. मॅडम त्यांच्याशेजारी बसायला खाली वाकल्या, आणि वाकताना त्यांनी बाकाची कड घट्ट धरली, तोंड किंचित वाकडं केलं. इतकी वर्षं बरोबर काम करून मला ते कधी दिसलं नव्हतं. शेवंताक्कांना पहिल्याच नजरेत दिसलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात का हो तुमचं?"

सगळी तुकडी लाडू तोंडात धरून थांबली. हा प्रश्न छापलेला नव्हता.

मॅडमनी साडीची घडी सारखी केली. एकदा माझ्याकडे बघितलं.

"डावा," त्या म्हणाल्या. "जिना उतरताना फार."